गार्नेट मोठा केव्हां झाला?

एकाद्या मनुष्याचें मोठेपण त्याच्या कर्तृत्वावरून ठरवावें कीं त्याच्या पदरीं पडलेल्या यशावरून, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. फलाची आशा न धरितां कर्म करावें, हें गीतेचें सांगणें ज्यांस तोंडपाठ असतें, तीं माणसेंसुद्धां दुसऱ्याच्या आयुष्याचा हिशेब मांडूं लागलीं म्हणजे प्रथम फलाचीच चौकशी करितात. या विसंगतीचें एक बोलकें उदाहरण अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या इतिहासांत सांपडतें. खेळाचें मैदान हें नीतिविचारास अयोग्य स्थळ होय, असें कित्येकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. तेथें सर्व आंकडे उघड मांडलेले असतात आणि म्हणून न्याय करणाराचा अन्याय लवकर पकडतां येतो.

केव्हिन गार्नेट हा 1976 सालीं जन्मलेला, जवळजवळ सात फूट उंचीचा खेळाडू. 1995 सालीं, महाविद्यालयाचें तोंडहि न पाहतां, तो शाळेंतून थेट मिनेसोटाच्या व्यावसायिक संघांत दाखल झाला. त्याची जागा ‘पॉवर फॉरवर्ड’ची, म्हणजे टोपलीच्या निकट, जेथें धक्काबुक्की फार आणि वाहवा बेताची. हुकलेला चेंडू उसळून परत येतांच तो हस्तगत करणें, प्रतिपक्षास टोपलीपाशीं फिरकूं न देणें आणि प्रसंग येईल तेव्हां स्वतः गुण मिळविणें, हीं त्या जागेचीं कामें. तीं सर्व करून शिवाय सहकाऱ्यांस चेंडू पुरविण्यांतहि तो निष्णात होता. तरीहि त्याचा संघ 1997 पासून 2003 पर्यंत सतत सात वर्षें बाद-सामन्यांच्या पहिल्याच फेरींत गारद झाला. 2004 सालीं वर्षांतील सर्वोत्तम खेळाडू हा मान त्याला मिळाला. त्याच वर्षीं, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशीं, सॅक्रामेंटोविरुद्धच्या निर्णायक सामन्यांत त्यानें 32 गुण मिळविले आणि 21 वेळां उसळता चेंडू पकडला. पण पुढच्या फेरींत लॉस एंजेलिसनें त्या संघास हरविलें, आणि नंतरचीं तीन वर्षें तर त्याला बाद-सामन्यांत प्रवेशच मिळाला नाहीं. ‘आंकडे मोठे, पण जिंकण्याची धमक नाहीं,’ असा शेरा गार्नेटच्या नांवापुढें कायमचा बसणार असें दिसूं लागलें.

2007 च्या जुलै महिन्यांत बॉस्टननें पांच खेळाडू आणि नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरींतील दोन हक्क देऊन त्याला आपल्याकडे घेतलें. आदल्या हंगामांत बॉस्टननें 82 पैकीं 24 सामने जिंकले होते. या हंगामांत 66 जिंकले. 17 जून 2008 रोजीं लॉस एंजेलिसचा 131 विरुद्ध 92 असा धुव्वा उडवून बॉस्टन विजेतें झालें, आणि गार्नेट एका रात्रींत ‘सर्वश्रेष्ठांपैकीं एक’ ठरला.

या एका वर्षांत त्या मनुष्यांत काय बदललें? मिनेसोटांतील शेवटच्या हंगामांत तो दर सामन्यास सरासरीनें 22.4 गुण मिळवीत होता. बॉस्टनच्या विजयी हंगामांत ही सरासरी 18.8 वर आली. उसळते चेंडू 12.8 वरून 9.2 वर आले. रक्षणांतील त्याच्या कौशल्यास त्या वर्षीं पारितोषिक मिळालें हें खरें. पण तें कौशल्य कांहीं बॉस्टनच्या पाण्यानें आलें नव्हतें. बदलले होते ते त्याचे सोबती. पॉल पिअर्स आणि रे ॲलन हे त्याच्या शेजारीं उभे राहिले, आणि लोकांनीं गार्नेटच्या गतायुष्याचा अर्थ नव्यानें लावला. ज्या वर्षीं त्याचे आंकडे घटले, त्याच वर्षीं त्याचें मोठेपण सिद्ध झालें असें म्हणणें हा विलक्षण न्याय नव्हे काय?

गार्नेटच्या जन्माच्याच वर्षीं बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनीं ‘नैतिक दैव’ या विषयावर निबंध लिहिले होते. जें मनुष्याच्या हातीं नाहीं त्यावरून त्याची योग्यायोग्यता ठरवूं नये असें आपण मानतों आणि व्यवहारांत नेमकें तेंच करितों, ही अडचण त्यांत मांडलेली आहे. तिचें उत्तर अद्याप कोणास समाधानकारक देतां आलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. टिम डंकनचें उदाहरण घ्या. तोहि 1976 चाच, गार्नेटहून महिन्याभरानेंहि मोठा नाहीं. 1997 सालीं पडलेल्या संघांची सोडत निघाली. डंकन हातीं येण्याचा सर्वांत मोठा संभव होता बॉस्टनचा; सोडत लागली सॅन ॲन्टोनिओस. त्या संघाची अवस्था खालावली होती ती मुख्यतः त्याचा थोर खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जवळजवळ वर्षभर जायबंदी असल्यामुळें. तेव्हां डंकनला पहिल्याच दिवशीं तयार सोबती मिळाला आणि ग्रेग पॉपोविचसारखा गुरु मिळाला. त्यानें पांच अजिंक्यपदें मिळविलीं. एकाच संघांत एकोणीस हंगाम काढणाऱ्या डंकनच्या निष्ठेची तारीफ होते ती यथार्थच आहे. पण त्या निष्ठेला व्याज मिळत होतें. गार्नेटच्या निष्ठेंत मुद्दलच बुडत होतें.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मात्र नव्हे. या खेळांत एका बाजूस पांचच गडी असतात; त्यामुळें एका मनुष्याचा भार क्रिकेटपेक्षां येथें पुष्कळ अधिक पडतो. शिवाय गार्नेट निव्वळ दैवाचा बळी नव्हता. 1997 सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें सहा वर्षांसाठीं 12 कोटी 60 लक्ष डॉलरांचा करार केला. संघानें वेतनावर किती खर्च करावा यास तेथें मर्यादा असते. एकानें एवढा वांटा उचलल्यावर चांगले सोबती आणावयाचे कशानें? परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. संघाच्या चालकांनीं दुसऱ्या एका खेळाडूशीं नियमबाह्य गुप्त करार केला, तो 2000 सालीं उघडकीस आला, आणि दंडादाखल संघाचे नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरींतील अनेक हक्क काढून घेण्यांत आले. त्यांतले कांहीं मागाहून परत मिळाले, इतकेंच. ही शिक्षा ज्यांनीं भोगली त्यांत गार्नेट होता; गुन्ह्यांत तो नव्हता.

पण आम्हांस खरा दोष दिसतो तो प्रेक्षकांच्या न्यायासनाचा. यश मिळावें म्हणून जो संघ सोडतो त्याला हे लोक कृतघ्न म्हणतात. जो राहतो आणि हरतो त्याला कमनशिबीहि म्हणत नाहींत, नालायक म्हणतात. निष्ठेचा कर वसूल करावयाचा आणि पावती मात्र द्यावयाची नाहीं, असा हा प्रकार आहे. (आपल्याकडे तरी काय निराळें आहे? तालुक्याच्या शाळेंत तीस वर्षें काढलेल्या मास्तरांच्या सत्काराला आपण हौसेनें जातों, आणि परत येतांना मुलाला बजावतों कीं बाबा रे, वेळीच मुंबई गांठ.) निष्ठा हा गुण असेल, तर पराजयांतहि तो गुणच राहिला पाहिजे. आणि तो गुण नसून निव्वळ व्यवहार असेल, तर सोडून जाणारास शिव्या देण्याचा अधिकार कोणास उरत नाहीं. दोन्ही डगरींवर पाय ठेवून न्याय करतां येणार नाहीं.

2010 सालीं लेब्रॉन जेम्सपुढें संघ सोडावा कीं राहावें हा प्रश्न उभा असतां गार्नेट उघडपणें म्हणाला कीं, निष्ठा कधीं कधीं मनुष्यास इजा करते, कारण गेलेलें तारुण्य परत येत नाहीं. आपणास पुनः संधि मिळती तर आपण मिनेसोटा थोडें आधींच सोडलें असतें. या उद्गारांवरून त्याच्या बारा वर्षांची किंमत कमी झाली असें कांहींजण मानतात. आमचें मत उलट आहे. ज्याला किंमत पडते आणि ती पडली हें जो जाणतो, त्याच्याच निष्ठेबद्दल बोलण्यांत अर्थ आहे. ज्याला ती कधीं जाचलीच नाहीं त्याच्या ठिकाणीं ती निष्ठा होती कीं केवळ संवय, हें कळावयाचें कसें?

2022 सालीं बॉस्टननें त्याचा 5 हा अंक सन्मानपूर्वक आपल्या क्रीडागृहाच्या छतास लावला. तेथें तो सहा हंगाम खेळला होता. मिनेसोटांत, जेथें त्यानें 21 अंकाचा सदरा घालून त्याच्या दुप्पट काळ काढला, तसा समारंभ तोंपर्यंत झाला नव्हता. तेथील तत्कालीन मालकाशीं त्याचें बिनसलें होतें. तरीहि 2015 च्या फेब्रुवारींत, आपल्या संमतीवांचून आपली अदलाबदल होऊं नये हा करारांतला हक्क आपण होऊन सोडून, अडतीस वर्षांचा गार्नेट मिनेसोटास परत गेला होता. त्या हंगामांत तो त्यांच्यातर्फे पांच सामने खेळला. संघानें 82 पैकीं 16 जिंकले.