श्रेयाच्या वेषातले प्रेय

कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो. ज्याने अंती हित होते ते श्रेय, जे तत्काळ सुखावते ते प्रेय, आणि दोन्ही समोर आली असता विवेकी माणूस पारख करून श्रेय निवडतो, असे त्या उपदेशाचे तात्पर्य आहे. साखरेचे पथ्य सांभाळणारा माणूस दुकानातून फळांच्या स्वादाचे योगर्ट 'आरोग्यदायी' म्हणून उचलतो, तेव्हा या उपदेशातला खरा अवघड भाग उघड होतो, कारण तेथे प्रेयच श्रेयाच्या वेषात उभे असते आणि निग्रह कितीही कडक असला तरी तो पारखीची उणीव भरून काढू शकत नाही.

ही पारख करायची तर दह्यातली गोडी कोठून येते हे आधी समजून घ्यावे लागते. साध्या दह्यातही शर्करा असतेच; दुधातल्या लॅक्टोज या शर्करेचा काही भाग विरजणातले जिवाणू आंबवून लॅक्टिक आम्लात बदलतात आणि उरलेली शर्करा, शंभर ग्रॅममागे साधारण 4 ते 5 ग्रॅम, दह्यात तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांची जी मर्यादा सुचवली, ती या शर्करेला लागू नाही. ती 'मुक्त शर्करे'ला, म्हणजे वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतल्या शर्करेला आहे. भारतातही 2020 च्या नियमांनुसार वेष्टनावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आकडे द्यावे लागतात. समजा, पहिला आकडा 14 आणि दुसरा 9 असेल, तर त्या डब्यातली बहुतेक गोडी दुधाची नाही, जिभेसाठी घातलेली आहे.

जिभेसाठी घातलेले आणि देहाला लागणारे, हा भेद गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्वादव्रताच्या निमित्ताने मांडला होता. अस्वाद म्हणजे अन्न औषधासारखे, चवीकडे लक्ष न देता घेणे. व्रत म्हणून ही भूमिका उदात्त आहे, परंतु सर्वांसाठीचा नियम म्हणून ती अपुरी वाटते, कारण भारतीय परंपरेने साखरेला सरसकट त्याज्य मानलेले नाही. पंचामृतात दही आणि साखर शेजारीशेजारी असतात, मात्र ते तळहातावर मावेल एवढेच घेतले जाते. चरकसंहितेत तर दही रात्री खाऊ नये, आणि तूप व साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांच्या जोडीवाचून खाऊ नये, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात प्रमेहाच्या, म्हणजे ज्या विकारवर्गात आजचा मधुमेह मोडतो त्याच्या, कारणांमध्ये दही आणि गुळाचे पदार्थ दोन्ही येतात. खाणारा कोण, त्याची प्रकृती कशी आणि मात्रा किती, हे पाहिल्यावाचून चरक पदार्थाला हितकर किंवा अहितकर ठरवत नाहीत, आणि साखर टाळणाऱ्याला त्यांच्या त्याच नियमात आवळ्याची वाट मोकळी आहे: साध्या, बिनसाखरेच्या दह्यात आवळ्याचा कीस कालवून ते दुपारच्या जेवणात बेताने घेता येते.