मोजलेला ताण

सौसरच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला 'ताण' हा शब्द आधी झाडाच्या संदर्भात कळतो. आंब्या बहार धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, वाढ थांबते, आणि मग पाणी सोडलं की फुलोरा येतो. किती दिवस ताण द्यायचा ते जमिनीवर ठरतं. हलक्या रानात कमी, भारी रानात जास्त. अंदाज चुकला तर झाड वाळायला लागतं.

माझंही काम ताणावरच चालायचं, फक्त तो मोजायला कुणी नव्हतं. आडत्याच्या पट्ट्या, मजुरांची हजेरी, खतांची बिलं मी साचू द्यायचो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, सौसर त्यात गेलं. पत्ता बदलायचे हिंदीतले अर्ज माझ्या फडताळात वर्षभर पडून होते. शेवटच्या रात्री छाती धडधडायला लागली की मगच हात चालायचा. घरचे याला आळस म्हणत. मीही म्हणत होतो. चाळिशीत नागपूरला एडीएचडीचं निदान झालं, तेव्हा उमगलं की माझ्या डोक्यात वेळेचे दोनच कप्पे आहेत: आत्ता आणि मंग. कंटाळवाणं काम 'मंग'मध्येच राहतं.

आता टेबलावर लाल चकतीचं घड्याळ असतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॅन रॉजर्स यांना त्यांची लहान मुलगी सारखं 'अजून किती वेळ?' विचारायची, त्यातून हे घड्याळ निघालं. वेळ लावली की तेवढा भाग लाल होतो आणि हळूहळू आकसतो. आकडा वाचावा लागत नाही, उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो.

मायला दाखवलं, तर म्हणाली, "हे तं घटिकेवानी हाय रे. वाटी बुडली का लग्न लागे." खरंच की. तळाला बारीक भोक पाडलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून बुडली की २४ मिनिटं झाली. मीही चकती तेवढ्यावरच लावतो.

चकतीमुळे पट्ट्या रंजक होत नाहीत. पण हा ताण मोजलेला आहे आणि तो कुठे तुटणार ते समोर दिसतं, म्हणून वही उघडली जाते. तीन-चार आठवड्यांत ही चकतीसुद्धा माझ्या नजरेआड झाली. मग जागा बदलली; वाईट दिवशी १० मिनिटांवर आणली. लाल संपल्यावर थांबणं तर अजूनही जड जातं. हिशेबात एखादी चूक सापडली की मी तिच्यामागे पहाटेपर्यंत बसू शकतो, आणि दुसरा दिवस वाळून जातो.

ताण तोडताना वडील झाडाला पहिलं पाणी हलकंच द्यायचे. लाल संपला की मी उठतो, माठातलं गार पाणी पितो, बागेच्या बांधापर्यंत जाऊन येतो. वही तशीच उघडी ठेवतो, अर्धवट ओळीवर पेन्सिल आडवी.