खोटं बोलेन, पण शब्द देणार नाही

हेराला खोटं बोलता आलं पाहिजे, ही त्या कामाची पहिली अट. १९४३मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रशिक्षणार्थी बाईबद्दल अधिकाऱ्यांचं एकमत होईना, त्याचं एक कारण हेच होतं. दुटप्पी वागणं आपल्याला आवडणार नाही, हे तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं. वेंधळी आहे, भावनाप्रधान आहे, डोक्यानं फार तल्लख नाही, असेही शेरे तिच्या फाइलीत आहेत. तरी तिला पाठवलं. वायरलेस ऑपरेटर कमी पडत होते आणि ती पॅरिसच्या मुलीसारखं फ्रेंच बोलायची.

तिचं नाव नूर इनायत खान. ‘अ कॉल टू स्पाय’मध्ये राधिका आपटेनं तिची भूमिका केली आहे, त्यामुळे काहींनी हे नाव ऐकलं असेल. तिचे वडील इनायत खान सूफी गुरू आणि गायक, मूळचे बडोद्याचे. गायकवाडांच्या बडोद्यात गायनशाळा उभी करणारे मौलाबक्ष हे इनायत खानांच्या आईचे वडील. नूरची आई अमेरिकन. नूर १९१४मध्ये मॉस्कोत जन्मली आणि पॅरिसजवळ वाढली. ती वीणेसारखं हार्प वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९मध्ये इंग्लंडमध्ये निघालं. त्यात एक गोष्ट वानरांच्या राजाची आहे. आपली माकडं पलीकडे जावीत म्हणून तो स्वतःच्या शरीराचा पूल करतो.

१९४०मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, तेव्हा नूर आणि तिचा भाऊ विलायत यांच्यापुढे पेच उभा राहिला. घरची शिकवण अहिंसेची. पण नाझींसमोर हात बांधून बसणं दोघांनाही मान्य नव्हतं. त्यांनी ठरवलं की युद्धात उतरायचं, सगळ्यात धोक्याचं काम मागून घ्यायचं, मात्र आपल्या हातानं कुणाला मारायचं नाही. नूर ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत वायरलेस शिकली आणि तिथून एसओई या गुप्त संघटनेत गेली.

ही तडजोड मला पूर्ण पटत नाही. वायरलेसवरून निरोप जायचे ते काही हवापाण्याचे नव्हते. शस्त्रं कुठे टाकायची, माणसं कुठे उतरवायची, हे त्यातून ठरायचं. गांधींनी स्वतः युद्धात जखमींची सेवा करणारी पथकं उभारली होती, आणि तरी आत्मचरित्रात ते स्पष्ट म्हणतात की दरोडेखोरांची शुश्रूषा करणारा दरोड्याच्या पापातून सुटत नाही. त्या हिशेबात नूरही सुटत नाही. फरक इतकाच, की तिनं जीव घेण्याचं काम नाकारताना स्वतःचा जीव जाण्याची शक्यता वाढवून घेतली. तिच्यासारख्या ऑपरेटरचं आयुष्य सहा आठवड्यांचं धरलं जायचं.

१६ जूनच्या रात्री ती विमानानं फ्रान्समध्ये उतरली. थोड्याच दिवसांत तिचं पॅरिसमधलं जाळं कोलमडलं, सहकारी एकामागून एक पकडले गेले. लंडननं परत ये म्हटलं, तिनं नकार दिला. जड सेट सुटकेसमध्ये घालून घरं बदलत ती ऑक्टोबरपर्यंत निरोप पाठवत राहिली. मग कुणीतरी तिचा पत्ता जर्मनांना दिला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. पॅरिसच्या मुख्यालयात तिची चौकशी करणाऱ्यांचा प्रमुख होता हान्स किफर. युद्धानंतर त्यानं साक्ष दिली की या बाईनं काहीही सांगितलं नाही, ती सतत खोटंच बोलली. म्हणजे दुटप्पीपणा नको म्हणणारी नूर खोटं बोलायला शिकली होती, आणि चांगलंच.

नोव्हेंबरमध्ये ती आणि आणखी दोन कैदी छतावरून पळाले आणि लगेच पकडले गेले. किफरनं तिघांकडून शब्द मागितला, पुन्हा पळणार नाही म्हणून. एकानं दिला. तो पॅरिसमध्येच राहिला आणि पुढे युद्धातून वाचला. नूरनं शब्द दिला नाही.

इथे मी अडतो. जी महिनाभर खोटं बोलत होती तिला आणखी एक खोटं जड का जावं? द्यायचा शब्द आणि मोडायचा! धर्मराजानंही ‘नरो वा कुंजरो वा’ करून घेतलं होतंच की. कांटला विचारलं तर तो खुन्यालासुद्धा खोटं सांगू नका म्हणेल, पण त्याच्या मोजपट्टीवर नूर आधीच नापास आहे.

मला वाटतं, फरक आहे. चौकशीच्या टेबलावर दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की इथे खरं बोलण्याचा करारच नाही. किफरला तिच्याकडून खरं मिळण्याचा काही हक्क नव्हता. शब्द मागताना मात्र तो वेगळंच काही करतो. जिला तो खोटारडी म्हणून ओळखतो तिलाच तो म्हणतो, तू सांगितलंस तर मी विश्वास ठेवीन. शब्द दिला की नवा करार होतो, आणि तो मोडला तर मोडणारी तीच. अर्थात, साधी शक्यताही आहे. पळणं हे ती कर्तव्य समजत होती, म्हणून खरा शब्द देता येत नव्हता, आणि खोटा द्यायचा नव्हता. तिच्या मनात नेमकं काय होतं ते तिनं लिहून ठेवलेलं नाही.

या नकाराची किंमत तिनं एकटीनं मोजली. जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात, हातापायांत साखळ्या, एकांत कोठडी, सुमारे दहा महिने. १३ सप्टेंबर १९४४ला डाखाऊत तिला आणि आणखी तीन स्त्री हेरांना गोळ्या घातल्या.

दुसरी किंमत इतरांनी मोजली, आणि तिचा या नकाराशी संबंध नाही. पाठवलेल्या निरोपांच्या प्रती नूरनं वहीत जपून ठेवल्या होत्या. सूचना नीट कळली नव्हती असं मानतात. ती वही आणि सेट जर्मनांच्या हाती लागला. तिच्या नावानं ते लंडनशी बोलत राहिले, लंडननं बराच काळ विश्वास ठेवला, आणि पॅराशूटनं उतरलेले हेर थेट जर्मनांच्या तावडीत सापडले. तिच्या कौतुकाच्या लेखांतून हा भाग गाळला जातो, ते मला आवडत नाही. लंडनचा निष्काळजीपणाही त्यातच झाकला जातो.

फोर्झहाइममध्ये तिनं जेवणाच्या भांड्याच्या तळाशी आपलं नाव-पत्ता कोरला, बाहेर कुणाला तरी कळावं म्हणून. नाव लिहिलं नोरा बेकर. बेकर हे आईचं माहेरचं आडनाव. पत्ता खरा होता: ४ टॅव्हिटन स्ट्रीट, लंडन. त्या घरावर २०२०मध्ये निळी पाटी लागली.