पथ्य एकाचं, ताट सगळ्यांचं

डॉक्टरांनी घरातल्या एकाला मीठ कमी करायला सांगितलं की स्वयंपाकघरात एक छोटं पातेलं वाढतं. मीठ घालायच्या आधी वाटीभर आमटी बाजूला काढली जाते, भाजी थोडी वेगळी शिजते. ताटं मात्र शेजारी शेजारीच वाढली जातात. एका ताटात अळणी आमटी, बाकीच्या ताटांत कैरीचं लोणचं, तळलेली सांडगी मिरची, उडदाचा पापड. मधुमेहामुळे लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागलेल्या माणसाने त्या पंगतीत रोज दोन्ही वेळा स्वतःला आवरायचं. एखाद्या दिवशी त्याने लोणच्याची फोड उचललीच, तर सगळे त्याच्याकडे बघतात. "बाबा, तुम्हीच ऐकत नाही, मग आम्ही काय करणार?"

हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो.

दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस धडधाकट प्रौढांसाठी आहे. त्यात आमटी-भाजीतलं मीठ आलं, तसंच पाव, फरसाण आणि बिस्किटांतलंही आलं. पापडखार आणि खाण्याच्या सोड्यातूनही सोडियमच पोटात जातं. सैंधव वापरलं म्हणून सुटका होत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. म्हणजे बाबांसाठी बाजूला काढलेलं ते पातेलं खरं तर सगळ्यांचंच असायला हवं होतं. मधुमेह आणि रक्तदाब घराण्यात उतरतात. शेजारी बसून पापड मोडणाऱ्या मुलाच्या मूत्रपिंडांवर पुढे तोच भार येऊ शकतो. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि बिघाड बराच पुढे जाईपर्यंत बहुधा दुखत-खुपत नाहीत. म्हणून क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासल्याशिवाय काही कळत नाही.

गांधीजींच्या आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतला एक प्रसंग आहे. कस्तुरबा आजारी होत्या. आजार मूत्रपिंडाचा नव्हता, पण गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सुचवलं. बा वैतागल्या. कोणी सांगितलं तर तुम्हालाही हे सोडवणार नाही, असं त्या म्हणाल्या. गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभर दोन्ही सोडल्याचं जाहीर केलं. बांनी खूप विनवण्या केल्या, पण ते बधले नाहीत. त्यातला हट्ट मला खटकतो आणि त्यांच्या आहारशास्त्राचा पुरस्कारही मला करायचा नाही. मला घ्यायचं आहे ते एवढंच, की पथ्य सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या ताटातला पदार्थ उचलून ठेवला.

आपण मात्र सल्ल्यांवर भागवतो. किडनीचा पेशंट आहे म्हणून डाळ बंद, असं नातेवाईक परस्पर सांगतात. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं बेतानं घ्यायची असतात हे खरं, पण डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात. कोणी भेटायला येताना शहाळं आणतं. पोटॅशियम बाहेर टाकता न येणाऱ्या माणसाला तेच शहाळं हृदयाच्या ठोक्यांपर्यंत महागात पडू शकतं. कमी सोडियमचं म्हणून विकत आणलेल्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असतं. अशा रुग्णासाठी आहारतज्ज्ञ बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायला सांगतात. हे रोज करायला वेळ लागतो. खरी माया मला त्या ओतून दिलेल्या पाण्यात दिसते. प्रेमाने आणलेलं शहाळं घरच्यांनी नम्रपणे परत करावं आणि आणणाऱ्यानेही वाईट वाटून घेऊ नये.

आतापर्यंत मी बाबांबद्दल लिहिलं, कारण छोटं पातेलं बहुधा त्यांच्यासाठीच चढतं. आजारी आई असेल तर अनेक घरांत ते चढतच नाही. तीच सगळ्यांच्या चवीचा स्वयंपाक करते, शेवटी जेवायला बसते आणि उरलेल्या खारट आमटीशी भात कालवते. एका माणसासाठी कुठे वेगळं करत बसायचं, असं तीच म्हणते आणि ते सगळ्यांना पटतं. तिच्या शेवटच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन किती होतं, हे त्या टेबलावरच्या किती जणांना सांगता येईल?