बाणाच्या टोकाला काम काय

परशुरामाच्या डोंगरावर आलेल्या पाहुण्याला चिपळूणकर एक गोष्ट हमखास ऐकवतो. भगवंतांनी सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं. बाण कुठून सोडला, कुठे पडला, यावर हौसेनं वाद होतात. त्या बाणाला टोक कसलं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रश्न आगाऊ वाटेल, पण धनुर्विद्येत खरा प्रश्न तोच आहे. धनुष्य फक्त जोर पुरवतं. त्या जोराचं पुढे काय होणार, हे बाणाच्या पुढचं बोटभर लोखंड ठरवतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे शिकार गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात परवान्यानं शिकारीला थोडी वाट होती, ती 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. पिकाची नासाडी करणारं जनावर मारायची परवानगी वनखात्याचा अधिकारी देऊ शकतो, पण ती हौसेची शिकार नव्हे. तेव्हा इथे जे लिहितो आहे ते हातात धनुष्य घेण्यासाठी नाही. अमेरिकेत, आफ्रिकेत हरणामागे धनुष्य घेऊन जाणारे शिकारी दर मोसमात ज्यावर डोकं खाजवतात, तो प्रश्न आपल्या जुन्या ग्रंथांनी फार आधी हातात घेतला होता, म्हणून लिहितो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराचा अध्याय आहे. त्यात बाणांच्या मुखांची कामं तीन सांगितली आहेत: छेदन, भेदन, ताडन. कापणं, भोसकणं, ठोकणं. आणि मुखं कशाची? लोखंडाची, हाडाची, लाकडाची. एवढंच सांगून कौटिल्य पुढे जातो. आजच्या दुकानातली शंभर प्रकारची टोकं समोर पसरली, तरी ती या तीन कामांच्या बाहेर फारशी जात नाहीत. घरातही आपण नारळ पहारीनं सोलतो, मासा विळीवर कापतो आणि कोकमाची बी फोडायला दगड घेतो. कोणी विळीनं नारळ सोलायला जात नाही.

आता यातलं कुठलं काम कधी? सामान्य समजूत अशी की जनावर मोठं, तर टोक मोठं. इथेच गाडी रुळावरून घसरते.

बाण बंदुकीच्या गोळीसारखा मारत नाही. आधुनिक कंपाउंड धनुष्यातून सुटलेला 30 ग्रॅमचा बाण सेकंदाला 80 मीटर वेगानं गेला, तर त्याच्यात शंभर ज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा असते. मोठ्या शिकारी रायफलीच्या गोळीत तीन हजारांच्या वर. गोळीच्या धक्क्यानं ऊती फाटतात. बाणापाशी तसला धक्का नसतोच. तो मारतो ते रक्तवाहिन्या कापून. दोन्ही फुप्फुसांतून धारदार पातं आरपार गेलं, तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. तेच पातं बोथट असेल तर वाहिन्या कापल्या न जाता ताणून बाजूला सरतात, आणि चिरडलेल्या, फाटलेल्या कडांवर रक्त लवकर गोठतं. जनावर पळून जातं आणि कुठेतरी झुडपात दिवसभर तडफडतं. म्हणून शिकारीच्या टोकाला धार ही शोभा नाही. जाणती मंडळी ती रबरबँडवर तपासतात: रबर दोन बोटांवर ताणायचं आणि पातं न दाबता वरून फिरवायचं. रबर तुटलं तर ठीक. नुसतं खाली वाकलं, तर पुन्हा सहाणेवर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात इशी नावाचा माणूस होता, ‘याही’ नावाच्या जमातीतला शेवटचा. 1911 मध्ये तो एकटा रानातून बाहेर आला आणि 1916 मध्ये वारला. बाटल्यांच्या काचा टवके काढून घडवून तो बाणाची सुबक टोकं करायचा. त्याच्याकडून धनुष्य शिकलेल्या सॅक्स्टन पोप या डॉक्टरनं पुढे प्रयोग करून पाहिले. हरणाच्या कातड्याआड यकृत ठेवून त्यानं बाण मारले, तर ज्वालामुखी काचेचं टोक पोलादापेक्षा खोल गेलं. काच कडक म्हणून नव्हे, तिची धार बारीक म्हणून.

धार झाली, पण रुंदी किती? इथे ओढाताण सुरू होते. पातं रुंद तर जखम मोठी. पण रुंद पातं आत शिरताना जास्त अडतं आणि बाणाचा जोर लवकर खर्ची पडतो. बाणापाशी जोर मुळात मोजका, त्यामुळे रुंदी वाढवली की खोली सोडावी लागते. वर हवेतली भानगड वेगळीच: रुंद पातं म्हणजे बाणाच्या नाकावर बसवलेला पंखच, तो बाणाला भलतीकडे वळवू पाहतो. म्हणून जनावर किती मोठं, यापेक्षा त्याच्या फुप्फुसांच्या आड काय आहे, हे आधी पाहायचं.

भेकर घ्या. पंचवीसेक किलोचं अंग, पातळ कातडी, बारीक फासळ्या. आड काहीच नाही. अशा अंगाला, किंवा अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, तीन पात्यांचं टोक उत्तम. दोन पात्यांची चीर मिटू शकते, तिसरं पातं भोक उघडं ठेवतं आणि रक्ताचा माग जमिनीवर दिसत राहतो. मिटलेली पाती आघातासरशी उघडणारी ‘मेकॅनिकल’ टोकंही इथेच चालतात. ती हवेत सरळ जातात आणि आत दीड-दोन इंचांचा घाव करतात. पण पाती उघडण्यातही जोर खर्च होतो, हे जाहिरातीत बारीक अक्षरातसुद्धा नसतं. कमी ताकदीचं धनुष्य ओढणाऱ्यानं त्या मोहात पडू नये.

आता रानडुक्कर. कोकणातल्या शेतकऱ्याला त्याची ओळख नव्यानं करून द्यायला नको, पण त्याच्या खांद्यात काय आहे ते सांगण्यासारखं आहे. नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ऊतीचा जाड थर असतो. दुसऱ्या नराचे सुळे झेलायला निसर्गानं दिलेली ती ढालच. वयाबरोबर ती जाड होते. वरून वाळलेला चिखल, खाली चरबी. आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली, पुढे, थेट त्या ढालीच्या आड. इथे दोन इंचांचं उघडणारं पातं आपटून वाकतं. इथे हवं अरुंद, जाड, दोन पात्यांचं, एकाच तुकड्यातून घडवलेलं टोक. जखम लहान होते, हे खरं. चरबी ती जखम बुजवूही पाहते. म्हणूनच बाण पलीकडून बाहेर निघायला हवा, म्हणजे खालच्या भोकातून रक्त वाहतं. दोनशे किलोच्या सांबराला जे टोक पुरतं, ते शंभर किलोच्या डुकराला पुरेलच असं नाही. वजनाचा हिशेब इथे उलटा पडतो.

आफ्रिकी रेड्याच्या फासळ्या रुंद आणि एकमेकींना लागून. तिथे बाणच 50 ग्रॅमच्या आसपासचा घेतात, वजन टोकाकडे सरकवतात, आणि काही जण पात्याला एकाच बाजूनं धार लावतात, म्हणजे ते आत जाताना वळतं आणि हाड चिरतं. छेदन आणि भेदन इथे एकाच लोखंडात बसवावं लागतं.

ताडनाचं काम लहान जिवांवर. ससा किंवा झाडावरची खार यांना बोथट टोक. ठोक्यानं जीव जातो, मांस फुकट जात नाही, आणि चुकलेला बाण फांदीत रुतून बसत नाही. खेळातल्या बाणाचं काम याहून वेगळं: साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडचं जगज्जेतेपद मिळवलं, त्यांच्या बाणांना पातंच नसतं. लक्ष्यात शिरायचं आणि सहज उपटून निघायचं, एवढंच त्या टोकाचं काम.

धनुर्वेदाच्या ग्रंथांत हाच विचार रणांगणावर नेलेला दिसतो. सूचीमुख चिलखतासाठी, भल्ल हृदयासाठी, अर्धचंद्र मस्तकासाठी. परशुरामाचाच शिष्य कर्ण, त्याचा शिरच्छेद ज्या बाणानं झाला त्याला महाभारत अंजलिक म्हणतं. एक धनुर्वेदसंहिता तर वसिष्ठांच्या नावावर आहे, आणि आमच्या गावावरून वाहते ती वाशिष्ठी. यावरून कोणी सिद्धांत मांडू नये, पण लिहिताना बरं वाटतं.

कौटिल्याच्या त्या वाक्यात नसलेलं एक चौथं काम आहे: धरून ठेवणं. उलट्या काट्याचं, कर्णी टोक आत जातं, पण बाहेर ओढलं की मांस फाडतं. सुश्रुतानं शरीरात रुतलेलं शल्य काढायच्या दोन दिशा सांगितल्या आहेत: आलं त्या वाटेनं मागे, नाहीतर पुढे ढकलून पलीकडून. काटे असले की मागची वाट बंदच होते. मनुस्मृतीनं युद्धात कर्णी बाण निषिद्ध ठरवले, विषारी आणि अग्नीनं पेटवलेल्या बाणांच्या जोडीला. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत आजही मोठ्या शिकारीला काटेरी टोक वापरता येत नाही, कारण नेम चुकला आणि जनावर निसटलं, तर टोक आतून गळून पडत नाही. ते घेऊनच त्याला जगावं किंवा कुजावं लागतं. जे मनूनं शत्रूसाठी सांगितलं, ते तिथल्या वनखात्यानं हरणासाठी सांगितलं, आणि कारण दोघांचंही मला पटतं.

अपवाद माशाचा. धनुष्यानं मासा मारणारे काटेरी टोकच घेतात आणि बाणाला दोरी बांधतात, कारण मासा निसटला तर बुडतो आणि हाती काहीच येत नाही. आपल्या खाडीवरच्या गरीलाही तोच उलटा काटा असतो. मात्र मासा पकडून परत सोडून देणारे हौशी लोक आहेत, ते पाण्यात गरी टाकण्याआधी पक्कडीनं तो काटा दाबून सपाट करून टाकतात.