सावली, खजूर आणि थंड पाणी

काही प्रश्न दिसायला साधे असतात, पण त्यांचे उत्तर देताना माणूस अडखळतो. खेड तालुक्यातील एका गावी असाच एक प्रश्न मला विचारण्यात आला. विचारणाऱ्या वृद्ध भगिनी पस्तीस वर्षे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात राहिल्या. पतीच्या निधनानंतर मुलगा, सून आणि दोन नातवंडांसह त्या कोकणात कायमच्या परतल्या आहेत. डिसेंबरची सकाळ होती. पाठीवर ऊन घेत त्या पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला इथे फार सुख वाटते आणि त्याचीच भीती वाटते. अल्लाहने माझा वाटा इथेच तर चुकता केला नसेल ना? मग आखिरतमध्ये माझ्यासाठी काय उरेल?"

त्यांचे सुख म्हणजे काय, हे आपण ऐकले तर कदाचित हसाल. दोरीवर घातलेले कपडे दुपारपर्यंत कडकडीत वाळतात. घराचे दार दिवसभर उघडे राहते. नातवंडे अनवाणी आगरात धावतात. तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकर गरम असतानाच ताटात येते. तिथे अजान मशिदीच्या चार भिंतींत राहत असे. इथे ती माडांवरून चालत घरात येते.

यात नमाजच्या वेळांची गोष्ट विशेष आहे. बर्मिंगहॅमला डिसेंबरातला दिवस पावणेआठ तासांचा असतो. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे जुहर, असर आणि मगरिब चार तासांत उरकाव्या लागतात आणि तेही कामाच्या धबडग्यात. उलट जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा होतो. 2016 साली रमजान जूनमध्ये आला, तेव्हा तिथले रोजे अठरा तासांहून मोठे होते. कोकणात वर्षातला सर्वात लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वात मोठा तेरा तासांच्या थोडा पुढे. "इथे सूर्य माझ्यासाठी थांबतो," असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मी विसरू शकलो नाही.

त्यांची भीती मात्र निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. सूरह अल-अहकाफमध्ये (46:20) सत्य नाकारणाऱ्यांना अग्नीपुढे उभे करून सांगितले जाईल, की आपल्या वाट्याच्या चांगल्या वस्तू तुम्ही ऐहिक जीवनातच संपवल्या. हा इशारा अवज्ञाकारी लोकांसाठी आहे, तरी सहाबांनी तो स्वतःला लावून पाहिला. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे मदीनेतील धनवान व्यापारी. एकदा रोजा असताना त्यांच्यापुढे जेवण आले, तेव्हा त्यांना हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. उहुदच्या युद्धात शहीद झालेल्या मुसअब (रजि.) यांच्या कफनासाठी एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर डोके. आपल्या सत्कर्मांचा मोबदला आपल्याला घाईने इथेच तर मिळाला नाही ना, या विचाराने ते रडू लागले आणि अन्न तसेच राहिले.

तर मग सुखापासून दूर पळावे काय? आपल्याकडे कित्येकांना असेच वाटते. उन्हात बसून समाधानाने चहा पिणारा माणूस त्यांना धर्माबाबत थोडा बेफिकीर वाटतो आणि कपाळाला आठ्या असणारा अधिक दीनदार. माझ्या मते ही समजूत कुरआनातून आलेली नाही. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा व शुद्ध अन्न हराम ठरवणारे कोण, असा खडा सवाल सूरह अल-आराफमध्ये (7:32) आहे. सूरह कुरैश तर ऋतूंच्या प्रवासाचाच उल्लेख करते. कुरैशचे काफिले हिवाळ्यात उबदार यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे जात. या प्रवासांची सवय, भुकेत मिळालेले अन्न आणि भयापासून लाभलेली सुरक्षितता यांची आठवण देऊन, या घराच्या पालनकर्त्याची भक्ती करा, असे त्यांना सांगितले आहे. प्रवास सोडा, असे सांगितलेले नाही.

आता सूरह अत-तकासुरच्या अखेरच्या आयतीकडे या. त्या दिवशी नेमतींविषयी तुम्हाला अवश्य विचारले जाईल, असे ती सांगते. नेमत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंगले आणि मोटारी येतात, तेही बहुधा शेजाऱ्याचे. पैगंबर (स.) यांनी हा शब्द कुठे वापरला, ते पाहा. भुकेने घरात राहवेना म्हणून ते बाहेर पडले, तर हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) हेही त्याच कारणाने बाहेर आलेले. तिघे एका अन्सारींच्या घरी गेले. यजमान गोडे पाणी आणायला गेले होते. ते परतले आणि पाहुणे पाहून हरखले. त्यांनी खजुरांचा घड पुढे ठेवला आणि सुरी उचलली. पैगंबर (स.) यांनी दुभते जनावर कापू नका, असे बजावले. (पाहुणा भुकेला असूनही यजमानाच्या घरचे दूध आटू नये, ही काळजी!) पोट भरल्यावर त्यांनी सोबत्यांना सांगितले, की या नेमतीबद्दल तुम्हाला विचारले जाईल. तिर्मिजीमधील निवेदनात त्या नेमती मोजल्याही आहेत: थंड सावली, पिकलेले खजूर आणि थंड पाणी.

विचारणा होणार ती कोणाला, याकडे लक्ष द्या. भुकेने घराबाहेर काढलेल्या माणसांना. म्हणजे हिशेब फक्त ऐश्वर्याचा नाही, सावलीचाही आहे. आणि ज्याने सावलीत बसूनही सावली पाहिली नाही, मन दुसऱ्याच्या बंगल्यात ठेवले, तो तिच्याबद्दल काय सांगणार? म्हणून त्या भगिनींना मी म्हणालो, "तुम्ही वाळलेले कपडे मोजता, हे चांगले आहे. मोजत राहा. विचारतील तेव्हा तुमच्याकडे सांगायला काही असेल."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि पाण्याचे विचारले तर?"

या प्रश्नामागची हकीकत अशी. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पण जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. या कुटुंबाने आल्याबरोबर बोअर मारली. भरपूर पाणी लागले. समोर हिरवळ लावली गेली. गेल्या मार्चमध्ये गडग्यापलीकडच्या घराची विहीर आटली. ती बोअरमुळेच आटली, की पाऊस लवकर गेल्यामुळे, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. मुलगा हेच सांगत होता आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण आईच्या मनात ते बसेना.

इथे माझा उपदेश संपला. पाणी, चारा आणि अग्नी यांत लोक भागीदार आहेत, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे. मदीनेतील रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. हे त्या भगिनींना ठाऊक होते. मीच ते पुन्हा सांगितले. परक्या हवेत तापाने फणफणलेल्या मुहाजिरांसाठी पैगंबरांनी (स.) केलेली दुआही आठवली. मदीना आम्हाला मक्केइतकी, किंवा त्याहूनही प्रिय कर, तिची हवा निरोगी कर, आणि तिच्या 'साअ' व 'मुद'मध्ये बरकत दे. साअ आणि मुद ही धान्य मोजायची मापे. नव्या गावी स्थिरावणाऱ्यांसाठी मागितलेली बरकत स्वयंपाकघरातल्या मापात होती, आणि मदीनेत ती मापे अन्सार व मुहाजिर यांनी वाटून वापरली होती.

मे महिन्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. हिरवळ पिवळी पडली होती. गडग्यातून एक पाइप पलीकडे नेऊन त्याला नळ बसवला होता. सकाळी सहा ते आठ तो चालू असतो. शेजारीण अजून स्वतः येत नाही, तिचा धाकटा मुलगा कळशी घेऊन येतो. वृद्ध भगिनी आता पायरीवर ऊन घेत बसत नाहीत, मे आहे! त्या आंब्याखालच्या सावलीत बसतात. तिथून नळ दिसतो.