विझविलेला दिवा



आमच्या मंडळीची एक जुनी मोटार आहे. आजारी माणसांस तालुक्याच्या दवाखान्यांत पोहोंचविणें हें तिचें मुख्य काम. गेल्या उन्हाळ्यांत चालकासमोरील एक तांबडा दिवा लागूं लागला. इंजिन थंड राखणारें पाणी व ग्लायकोल यांचें मिश्रण टाकींत कमी झालें, असा त्याचा अर्थ. इंजिन पुरतें निवल्यावर, गाडी सपाट जागीं उभी करून पाहिलें, तों मिश्रण दोन्ही खुणांच्या मध्यें होतें. दुसऱ्या दिवशींहि तसेंच. दिवा मात्र विझेना. शेवटीं माझ्याच संमतीनें तो काढून टाकण्यांत आला, आणि आम्हीं निश्चिंत झालों.

पुढें पावसाळ्यांत रबरी नळी चिरली. थेंब थेंब मिश्रण गळत गेलें, पण सांगणारें कोणी उरलें नव्हतें. घाटांत इंजिनांतून वाफ उठली, तेव्हां गाडींत बाळंतवेणा सुरू झालेली एक भगिनी होती. दोन तास ती रस्त्याच्या कडेला पडून होती. मागून आलेल्या टेंपोनें तिला नेलें. आई व मूल दोघें वांचलीं, ही प्रभूची दया. माझें शहाणपण त्यांत कांहींच नव्हतें.

मग कारागिरानें मूळ दोष दाखविला. अशा पुष्कळ टाक्यांत लोहचुंबक बसविलेला एक तरंगता तुकडा असतो. पातळी उतरली कीं तो खालीं जातो व दिवा लागतो. आमच्या टाकींत गाळ सांचून तो खालींच अडकला होता. टाकी धुतांच मोकळा झाला. घटकाभराचें काम!

बंधूंनो, विवेकबुद्धि हीहि असाच एक दिवा आहे. कधीं कधीं ती चुकते. ज्या पापाची क्षमा झाली, त्याचाच दोष ती पुन्हां पुन्हां लाविते. जुन्या भयाचा गाळ तींत सांचलेला असतो. अशा वेळीं दोन चुका घडतात. कोणी घाबरून तप्त टाकीचें झांकण उघडतो. आंतील मिश्रण दाबाखालीं १०० अंशांहूनहि अधिक तापलेलें असूं शकतें. तें उसळतें व हात भाजतो. संतापाच्या भरांत स्वतःची वा शेजाऱ्याची झडती घेणारा असाच भाजतो. दुसरा कोणी दिवाच काढतो, आणि खऱ्या इशाऱ्याची वाटहि बंद करतो.

तर काय करावें? थांबावें, निवूं द्यावें, मग टाकी पाहावी. उणें असेल तर भरावें व गळती शोधावी. उणें नसेल तर दिव्याचा दोष काढावा, दिवा काढूं नये. आज रात्रीं प्रार्थनेस बसाल, तेव्हां आपण कोणता दिवा काढून ठेविला आहे, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.